जाते, टाळ आणि छापखाना : मराठी ख्रिस्ती साधकांनी चंचल मन कसे आवरले?

१.
प्रार्थनेला बसावे आणि मन चुलीवरच्या दुधाकडे, देण्याघेण्याकडे, उद्याच्या कामाकडे धावावे, हा अनुभव मोबाईलच्या युगातच जन्मलेला नाही. धर्म कोणताही असो, साधकाची ही जुनीच तक्रार आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील केडगाव, बारामती, इंदापूर या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास मराठी ख्रिस्ती समाजाने या तक्रारीला कोणती उत्तरे शोधली, त्याचा इतिहास या धाग्यात पाहू.

२.
आधी भूगोल. संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात देहूहून निघते. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत ती बारामतीला येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने पंढरीकडे जाते. इंदापूर तालुक्यातील बेलवाडीच्या रिंगणासाठी दरवर्षी हजारो लोक जमतात. हा सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केला, असे मानले जाते.

३.
याच वाटेवर यवत आणि वरवंड यांच्यामध्ये चौफुला लागतो. तेथून उत्तरेस काही किलोमीटरवर केडगाव आहे. ब्रिटिश काळात केडगाव, दौंड आणि बारामती हा सारा परिसर भीमथडी तालुक्याच्या नावाने ओळखला जाई. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले ते याच केडगावात. दिंडीची वाट आणि मिशनचे आवार यांच्यामध्ये अंतर होते ते जेमतेम एका शिवाराचे.

४.
हा प्रदेश निवांत ध्यानाला अनुकूल होता, असे मुळीच नाही. पाऊस बेभरवशाचा आणि शेतकरी कर्जात बुडालेला. बारामतीजवळच्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ‘दख्खनचे दंगे’ सुरू झाले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा झाला. आज उसाने हिरवीगार दिसणारी बारामती-इंदापूरची जमीन त्या पाण्याने घडवली. पाणी येण्यापूर्वी येथील माणसाचे चित्त विचलित करणारी मुख्य गोष्ट भूक हीच होती.

५.
मन आवरण्याची मागणी या मातीला नवी नव्हती. पंडितकवी मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूराव नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि तेथेच वारले. पृथ्वी वृत्तातील त्यांची ‘केकावली’ म्हणजे मोराने मेघाला घातलेल्या सादेसारखी देवाची आळवणी आहे. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध श्लोकात कवी सज्जनांची संगत मागतो आणि विषयांची ओढ सुटावी असे मागणे करतो. आजही हा श्लोक मराठी प्रार्थनांत म्हटला जातो. बारामतीच्या या कवीने धनाऐवजी स्थिर चित्त मागितले होते.

६.
ख्रिस्ती परंपरेतही हा प्रश्न पहिल्यापासून आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची कथा येते. मार्था पाहुणचाराच्या गडबडीत आहे आणि मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकते आहे. मार्था तक्रार करते तेव्हा येशू तिला म्हणतो, की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, पण मरीयेने चांगला वाटा निवडला आहे. या कथेवर शतकानुशतके वाद झाला. घरातली सगळी कामे मार्थेने करायची आणि देव मात्र मरीयेला मिळायचा, असा याचा अर्थ घ्यायचा का?

७.
चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या तपस्व्यांना लवकरच कळून चुकले की माणूस गाव सोडतो, पण मन गावातच राहते. इव्हाग्रियस नावाच्या साधकाने साधनेत विघ्न आणणाऱ्या आठ वृत्तींची यादी केली. भर दुपारी येणारा कंटाळा ही त्यांतली एक. दिवस सरत नाही, खोली नकोशी होते, कोणी भेटायला येईल का म्हणून नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जाते. या तपस्व्यांनी त्यावर उपायही साधाच शोधला होता. हातांनी टोपल्या, चटया विणायच्या आणि ओठांवर स्तोत्राची एखादी ओळ घोळवत ठेवायची.

८.
सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम घालून दिले. दिवसाचे ठरावीक प्रहर सामूहिक स्तोत्रगायनाला, काही काळ वाचनाला आणि काही अंगमेहनतीला. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात राबत. भांडी घासताना आणि देवळात गुडघे टेकताना ईश्वराचे सान्निध्य सारखेच अनुभवता येते, ही त्यांची शिकवण. ते १६९१ मध्ये वारले. मार्था आणि मरीया एकाच माणसात नांदू शकतात, हा या परंपरेचा निष्कर्ष होता.

९.
मराठी वाचकाला हा निष्कर्ष परका वाटत नाही. जनाबाई दळता-कांडताना विठ्ठलाला जवळ बोलावते, सावता माळी मळ्यात राबताना, गोरा कुंभार माती तुडवताना नामात रंगतो. वारकरी परंपरेने कामाला साधनेचे आसन बनवले. मग प्रश्न असा पडतो, की एकोणिसाव्या शतकात जे मराठी स्त्री-पुरुष ख्रिस्ती झाले, त्यांच्या हाती दळताना म्हणायला नेमके काय होते?

१०.
अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. शाळा निघाल्या, छापखाने निघाले. परंतु उपासनेतील बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही विलायती. मराठी शब्द परक्या चालीत बसवताना ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई. असे गीत रविवारी देवळात म्हणता येते, पण सोमवारी पाणवठ्यावर ते ओठांवर येत नाही. चित्त विचलित होण्याचे हे एक दुर्लक्षित कारण आहे. प्रार्थनेची भाषा परकी असेल, तर मन तिच्यात फार वेळ मुक्काम करत नाही.

११.
ही उणीव फार पूर्वी एकाने ओळखली होती. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. धर्मांतरितांच्या हातून जुनी पुराणे गेली आणि त्या जागी गाण्या-ऐकण्यासारखे काही आले नाही, हे पाहून त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. दख्खनच्या पठारावर मात्र असे काम व्हायला आणखी तीन शतके लागली.

१२.
ते काम पुढे नेणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), ‘फुलांमुलांचे कवी’. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांची कर्मभूमी अहमदनगर झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो, असे ते सांगत. देहूहून बारामती-इंदापूरकडे जाणाऱ्या दिंडीच्या टाळांत जो अभंग घुमतो, तोच छंद त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरला.

१३.
टिळकांनी अभंग, पदे, भजने रचली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या लेखणीतून उतरला आहे. हा बदल वरवर सांगीतिक वाटतो, प्रत्यक्षात तो साधनेचा होता. अभंगाला पेटी लागत नाही, पुस्तक लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. टाळ असला तर उत्तम, नसला तर टाळी पुरते. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते आणि भरकटलेल्या मनाला दर वेळी परत बोलावते. वारकऱ्यांचे हे तंत्र आपलेच आहे, ते बाहेर कशाला टाकायचे, ही टिळकांची भूमिका होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा प्रयोग आरंभला. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले.

१४.
केडगावात याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळत होते, आणि ते टिळकांच्या उत्तराच्या जवळजवळ उलट होते. पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) जन्म पुराणिकाच्या घरचा. आईने त्यांना संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १८७४ नंतर दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. एकाग्रता काय असते, हे त्या पाठांतरातून शिकल्या होत्या. पोट रिकामे असताना एकाग्रतेचे काय होते, हेही त्यांनी पाहिले होते.

१५.
२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची खाजगी साधना आता सार्वजनिक वादाचा विषय झाली होती.

१६.
त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या जमिनीवर आणावे लागले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणणे, शेती, गुरे, दळण, विणकाम, शिवणकाम, तेलाची घाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण, असा सगळा पसारा एका बाईभोवती उभा होता. ‘रोजची व्यवधाने’ हा शब्द येथे फारच तोकडा पडतो.

१७.
या गर्दीतच रमाबाईंनी प्रार्थनेला सामूहिक शिस्त दिली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता येत होत्या. १९०५ च्या आरंभी त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्यांचा गट सुरू केला. प्रारंभी सुमारे सत्तर जणी होत्या, काही महिन्यांत ही संख्या पाचशेवर गेली. जूनअखेरीस मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. नित्यक्रम विस्कळीत झाला. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते. पुढे यातील मुलींचे गट आजूबाजूच्या गावांत जाऊ लागले.

१८.
येथे एक जुना पेच पुन्हा समोर येतो. भावनेची लाट आली की मन काही काळ एकवटते, पण लाट ओसरल्यावर काय? ओसरल्यावरही जाते फिरवावेच लागते, विहिरीचे पाणी शेंदावेच लागते. रमाबाईंनी लाटेला विरोध केला नाही, तिच्यावर विसंबूनही राहिल्या नाहीत. याच सुमारास त्यांनी एक काम हाती घेतले. ते उत्साहाच्या भरात उरकण्याजोगे नव्हते, रोज थोडे थोडे करूनच पुरे होणारे होते. ते काम म्हणजे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर.

१९.
त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे आणि त्यातील काही शब्द जुन्या दार्शनिक कल्पना सोबत घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. मुक्तीतील दुष्काळग्रस्त मुलींना शास्त्री-पंडितांचे शब्द कसे कळणार? शब्द कळला नाही, की कान ऐकतो आणि मन बाहेर जाते. म्हणून रमाबाईंनी परिचित धार्मिक शब्दांचे जुने संदर्भ बाजूला सारून अर्थ उघडा करण्याचा मार्ग धरला.

२०.
आता दोघांमधला फरक स्पष्ट होतो. मन रमण्यासाठी टिळकांनी जुने ओळखीचे सूर जवळ केले. मन गोंधळू नये म्हणून रमाबाईंनी जुने ओळखीचे शब्द दूर ठेवले. एकाला परंपरेची आठवण साधनेचा आधार वाटली, दुसरीला तीच आठवण साधनेतील अडथळा वाटली. दोघेही संस्कृतात मुरलेले, दोघेही चित्पावन ब्राह्मण घरांतून आलेले, दोघांनाही चित्त एकाग्र करणारी मराठी हवी होती. ती मराठी कोणती, याविषयी मात्र त्यांची उत्तरे वेगळी होती.

२१.
निकाल काळाने दिला, तोही अर्धवट. टिळकांची गीते गावोगावच्या मराठी मंडळ्यांत रुजली. रमाबाईंचे भाषांतर काहीसे शब्दशः आणि खडबडीत वाटले, प्रचलित बायबलची जागा ते घेऊ शकले नाही. तरीही त्याची निर्मिती असामान्य आहे. एका भारतीय स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित करावे आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी मुक्तीच्याच छापखान्यात त्याचे खिळे जुळवावेत, याला जगात फारशी तोड नाही. खिळे जुळवणाऱ्या मुलीला प्रत्येक अक्षर हातात घ्यावे लागते. तिचे वाचन घाईचे असूच शकत नाही.

२२.
या एकाग्रतेची किंमतही मोजावी लागली. भाषांतराच्या वर्षांत रमाबाई सार्वजनिक जीवनापासून दूर गेल्या आणि १८८९ च्या राष्ट्रीय सभेला प्रतिनिधी म्हणून हजर राहिलेल्या रमाबाईंचा महाराष्ट्राला विसर पडू लागला. मुक्तीचा भार वाहणारी त्यांची एकुलती कन्या मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि मग त्यांनी डोळे मिटले, असे मुक्तीच्या परंपरेत सांगितले जाते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

२३.
तिसरे उत्तर एका गृहिणीचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांना (१८६८-१९३६) शाळा मिळाली नव्हती. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरची विरहाची काही वर्षे त्यांनी पंढरपूर आणि इतरत्र नातलगांत काढली. पुढे त्या परत आल्या आणि १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या घरी पाहुणे, अनाथ मुले आणि पैशांची चणचण यांचा कायम मुक्काम असे. एकांत नावाची वस्तू त्या घरात नव्हती.

२४.
टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. व्याकरण आणि वृत्तशास्त्र त्या पद्धतशीर शिकल्या नव्हत्या. ओवी मात्र त्यांच्या कानात लहानपणापासून होती. ओवी ही मुळात जात्यावरची. हात कामात असताना सुचणारी आणि मध्येच कोणी हाक मारली तरी न तुटणारी. ज्या रचनेत व्यत्यय गृहीतच धरलेला आहे, ती संसारी माणसाच्या साधनेला सर्वांत सोयीची ठरली.

२५.
‘स्मृतिचित्रे’ वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. लक्ष्मीबाई आपल्या घरातील गोंधळाकडे हसून पाहतात. व्यत्ययाला शत्रू न मानण्याची ही वृत्ती ब्रदर लॉरेन्सच्या जवळची आहे आणि जनाबाईच्याही. मार्थेला दोष देऊन मरीया होता येत नाही, हे कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय त्या आपल्या जगण्यातून दाखवतात.

२६.
या तिघांच्या चरित्रांतून एक निष्कर्ष निघतो. मन टिकवण्यासाठी केवळ निश्चय पुरत नाही, त्याला भोवती काहीतरी लागते. टिळकांनी सूर दिला, रमाबाईंनी अर्थ कळणारा शब्द आणि रोज पुढे सरकणारे काम दिले, लक्ष्मीबाईंनी व्यत्ययातही चालू राहणारी लय दिली. यांपैकी कोणीही संसारातून उठून अरण्यात गेले नाही. दुष्काळ, कर्ज, आजार, भांडणे यांच्या मधोमध त्यांनी प्रार्थनेची जागा केली.

२७.
केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. ‘उपासना संगीत’ आजही मराठी चर्चमध्ये रविवारी उघडले जाते. ‘स्मृतिचित्रे’ तर धर्माच्या सीमा ओलांडून मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत जाऊन बसले आहे. बारामती-इंदापूरकडे जाताना चौफुल्यावरून केडगावकडे वळलात, तर एकाच फेरीत तुकोबांची वाट, मोरोपंतांचे गाव आणि रमाबाईंचा छापखाना जेथे चालला ते आवार, तिन्ही पाहता येतील.